पेरूचं सँडविच

लिस्बनच्या ओरिएंते स्टेशनवर, पोर्तोची गाडी यायला वीस मिनिटं असताना, मावशीने पेरूचं सँडविच खाल्लं. खरं तर अर्धंच खाल्लं. उरलेलं अर्धं मी हिसकावून घेतलं, पण तोवर जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

हे स्टेशन 1998 च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलं. वर झाडांसारखं पांढरं लोखंडी छत, फोटोत फार देखणं दिसतं. फलाटावर मात्र वारा चारी बाजूंनी आत येतो आणि बाकं थंडगार असतात. मावशी शाकाहारी, त्यात तीन दिवस पाव, चीज, टोमॅटो, पुन्हा पाव. दुकानातल्या काचेच्या कपाटात तिला त्रिकोणी सँडविच दिसलं, त्यावरची चिठ्ठी तिने अक्षर लावून वाचली आणि तिचा चेहरा उजळला. ‘सांदेस द पेरू’. आत हिरवं पान आणि फिकट गुलाबी काप. आपल्याकडे लाल गराचा पेरू पातळ चिरला की अगदी असाच दिसतो. मी तिकिटांच्या रांगेत होते. साडेचार युरो देऊन ती बाकावर येऊन बसली.

चवीवरून कळायला नको का, असं मला नंतर सगळ्यांनी विचारलं. नाहीच कळलं, आणि त्याला कारण आपणच. पेरू आपण मीठ-तिखट लावून खातो. काप खारट लागले तेव्हा मावशी म्हणाली, “बघ, यांनाही माहितीये, मीठ लावलंय.” माझं लक्ष गेलं ते त्या कापाला बिया नव्हत्या म्हणून.

पोर्तुगीज भाषेत ‘पेरू’ म्हणजे टर्की. कोंबडीपेक्षा बरीच मोठी, गळ्याला लाल कातडं लोंबणारी. सँडविचमध्ये होते ते तिच्या मांसाचे खारवून शिजवलेले काप.

मावशी पाच मिनिटं गप्प बसली. मग बाटलीतल्या पाण्याने चूळ भरली आणि म्हणाली, “घरी कोणी विचारलं काय खाल्लंस, तर पेरू सांगायचं. खोटं नाही त्यात काही.”

पोर्तोचे दोन दिवस छान गेले. त्यांच्याबद्दल इथे काही लिहिणार नाही.

लिहायचंय ते चिठ्ठ्यांबद्दल. पोर्तुगालला जाणाऱ्या शाकाहारी मराठी माणसाला ‘नो मीट’ म्हणायला शिकवतात, पण खरी फसगत ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दांत होते. ‘फ्रांगो’ म्हणजे कोंबडी आणि ‘पोर्को’ म्हणजे डुक्कर, हे अनोळखी असल्यामुळे आपण सावध राहतो. ‘तोस्ता मिश्ता’ ऐकून मात्र मिक्स व्हेज टोस्ट असेल असं वाटतं. ते चीज आणि डुकराचं हॅम यांचं मिश्रण असतं. नुसत्या चीजचा टोस्ट हवा असेल तर ‘तोस्ता द केजो’ म्हणावं लागतं. ‘फियांब्र’ म्हणजे हॅम. पुढे काही लिहिलं नसेल तर डुकराचं, आणि ‘फियांब्र द पेरू’ लिहिलं असेल तर टर्कीचं. ‘शामुसा’ दिसायला थेट आपला समोसा आहे आणि तो पोर्तुगालला पोचला गोवा-मोझांबिकच्या वाटेनेच, पण आत बहुतेक वेळा खिमा असतो. भाजीचा हवा असेल तर ‘द लेगुमश’ असं लिहिलेलं शोधायचं. ‘काल्दु वेर्द’ हे हिरव्या पालेभाजीचं, बटाट्याचं सूप. त्यातही वरून सॉसेजची एक चकती टाकायची पद्धत आहे. गोव्यातल्या ‘चोरीस’चं मूळ तेच.

आणि ‘सें कार्न’, म्हणजे मांस नको, एवढं म्हणून भागत नाही. ‘कार्न’ म्हटलं की पुष्कळांच्या मनात लाल मांस येतं. मग ट्यूना आणून ठेवतात, वर ‘मांस नाहीये’ म्हणून प्रेमाने सांगतात. ‘सें कार्न, नें पैश’ असं मासेसुद्धा नकोत हे जोडून म्हणायचं. एरवी खाऊ घालण्यात पोर्तुगीज माणसं आपल्या कोकण्यांसारखीच आहेत, ताट रिकामं दिसलं की त्यांना करमत नाही.

उच्चारातही गोम आहे. लिहिलेलं असतं ‘पेरू’, पण बोलताना पहिला ए जवळजवळ गिळतात आणि सगळा जोर शेवटच्या ऊवर देतात, त्यामुळे कानाला ‘प्रू’ किंवा ‘पिरू’ ऐकू येतं. ‘पेरा’ म्हटलं, जोर पहिल्या अक्षरावर, की ते नासपतीचं फळ. पेरू देशही ‘पेरू’च, फक्त लिहिताना पहिलं अक्षर मोठं. आणि आपल्या पेरूला म्हणतात ‘गोयाबा’.

आमच्या घरमालकीण बाईंसमोर हा सगळा घोळ एकदम बाहेर आला. मावशीने निघण्याआधी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून पेराद घेतलं होतं, भेट द्यायला. गोव्यातल्या नाताळच्या फराळात दोदोल, नेवऱ्या, कुलकुलं यांच्याबरोबर असते ती तांबूस वडी. बाईंनी नाव विचारलं, मावशीने सांगितलं ‘पेराद’. बाईंनी तुकडा तोंडात टाकला, चघळला, आणि मान हलवली. यात नासपती कुठे आहे? कारण पोर्तुगीज कानाला ‘पेरादा’ म्हणजे नासपतीची वडी. पेरूची असेल तर तिला ‘गोयाबादा’ म्हणायला हवं. मी मोबाइलवर पेरूचा फोटो दाखवून सांगितलं, आम्ही याला पेरू म्हणतो. बाई एवढ्या हसल्या की त्यांना खुर्ची धरावी लागली. एका टर्कीची वडी आम्ही आठ हजार किलोमीटरवरून आणली होती!

पेराद म्हणजे खरं तर पोर्तुगालच्या मार्मेलादाची गोव्यातली बहीण. ‘मार्मेलो’ या कडक, आंबट फळाचा गर साखरेत आटवून थापायचा, ही ती पद्धत. इंग्रजीतला मार्मलेड शब्द तिथूनच आला. गोव्यात मार्मेलो नव्हतं, पेरू होता. म्हापशात ज्या बाईंकडून आम्ही वडी घेतली त्यांनी कृती सांगितली. ती पुढे तशीच देते, कारण नेटवरच्या कृतींमध्ये काय बिघडतं ते लिहिलेलं नसतं.

एक किलो पेरू घ्यायचे. सगळे पिकलेले घ्यायचे नाहीत, चौथा हिस्सा अर्धे कच्चे हवेत. वडी बसते ती फळातल्या पेक्टिन या घट्टपणा आणणाऱ्या घटकामुळे आणि फळ जितकं जास्त पिकतं तितकं ते कमी होतं. सगळे मऊ पेरू घेतले तर तासभर ढवळूनही हाती जॅमच येतो. फोडी करून, जेमतेम बुडतील एवढ्या पाण्यात सालीसकट मऊ शिजवायच्या. मग चाळणीतून घासून गर काढायचा. मिक्सर अजिबात नाही. बिया भरडल्या गेल्या की त्यांची कचकच वडीत उतरते आणि पुढे कशानेच जात नाही. एक किलोचा गर सहा-सातशे ग्रॅम भरतो. गराच्या वजनाइतकीच साखर घ्यायची. कमी गोड आवडत असेल तर पाऊणपट चालते, त्याखाली गेलात तर वडी ओलसर राहते आणि बुरशी धरते. एका लिंबाचा रस घालायचा, तो चवीला लागतोच, शिवाय साखर पुन्हा दाणेदार होऊ देत नाही.

जाड बुडाचं भांडं, मंद आच, आणि लांब दांड्याचा चमचा. लांबच हवा. वीसेक मिनिटांनी मिश्रण घट्ट होतं आणि फटाफट उडायला लागतं. मनगटावर उडालं तर चिकटून बसतं आणि पुसेपर्यंत फोड आलेला असतो. पाऊण ते एक तासाने गोळा कडा सोडतो. थंड पाण्यात थेंब टाकून बघायचं, बोटांत गोळी वळली की झालं. शेवटी चमचाभर लोणी. तूप लावलेल्या ताटात बोटाच्या अर्ध्या पेराएवढा जाड थापायचा आणि कोमट असतानाच शंकरपाळ्यासारखा कापायचा. गार झाल्यावर कापायला गेलं की कडा फाटतात. दुकानातल्या वडीचा लालभडक रंग बघून भुलू नका. पांढऱ्या गराच्या पेरूची वडी तपकिरीच होते, लाल दिसते ती रंगाच्या थेंबाने.

आता मूळ मुद्दा. पेरू देशातून आला म्हणून पेरू, असं आपल्याकडे शाळेपासून सांगतात. झाड दक्षिण आणि मध्य अमेरिकेकडचं, पोर्तुगीज-स्पॅनिश जहाजांतून इकडे आलं, इथवर ठीक. पण नाव देशाचं नाही, नासपतीचं आहे. पोर्तुगीजांनी ओळखीच्या फळाचं नाव नव्या फळाला चिकटवलं. पुरावा शेजारच्या भाषांमध्येच आहे. कोकणीत ‘पेर’, बंगालीत ‘पेयारा’, मल्याळममध्ये ‘पेरक्का’, सिंहलीत ‘पेर’. देशाच्या नावावरून शब्द आला असता तर शेवटचा ऊ एवढ्या सगळ्यांनी मिळून गाळला नसता. ऊ आपणच जोडलाय. लिस्बनच्या बाजारातली ‘पेरा रोशा’ बघितली की पोर्तुगीजांची चूक माफ करावीशी वाटते. 1836 मध्ये सिंत्र्याकडे सापडलेल्या एका झाडापासून ही जात आली. बुटकी, पिवळट हिरवी, अंगावर तपकिरी ठिपके. लांबून बघाल तर लखनौचा पेरू.

गंमत म्हणजे हिंदीनेही हेच केलं. ‘अमरूद’ हा फारसी शब्द, आणि फारसीत तो नासपतीचाच. आपल्याकडे मराठवाडा-विदर्भात पेरूला जांब म्हणतात, आणि मुंबई-कोकणात जाम मागितला तर हातात पांढरं, पाणीदार, घंटेच्या आकाराचं वेगळंच फळ पडतं. तेव्हा लिस्बनला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

पक्ष्याचं नाव मात्र खरंच देशावरून आलं, आणि चुकीच्या देशावरून. टर्की मूळची मेक्सिकोची. पण सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या लेखी स्पॅनिश अमेरिका म्हणजे पेरू. इंग्रजांना ती तुर्कांची वाटली, फ्रेंचांना भारताची, म्हणून ‘दँद’, आणि डचांनी थेट कालिकत गाठून ‘काल्कून’ केलं. भारतात हा पक्षी गोव्याच्या वाटेने आला. 1612 मध्ये जहांगीराचा सरदार मुकर्रबखान याने गोव्याहून आणलेल्या नवलाईच्या वस्तूंमध्ये तो होता. जहांगीराने आपला दरबारी चित्रकार उस्ताद मन्सूर याच्याकडून त्याचं चित्र काढून घेतलं आणि आपल्या आठवणींत त्याच्या मानेचे रंग सरड्यासारखे बदलतात असं लिहिलं. नाव मात्र कोणालाच ठाऊक नाही, असंही नोंदवलं. गोव्यात एखाद्या पाद्र्याला विचारलं असतं तर ‘पेरू’ असंच उत्तर मिळालं असतं.

लिस्बनहून आम्ही फिनलंडला मावसभावाकडे गेलो. आठ दिवस, त्यातले सहा पावसाचे. तिथे बटाट्याला ‘पेरुना’ म्हणतात. बटाटा पेरूच्या डोंगरांतला, तेव्हा हे नाव तरी देशावरून असेल असं वाटलं, तर तेही नाही. शेजारच्या स्वीडिश भाषेत नासपतीला ‘पेरॉन’ म्हणतात, बटाटा हे जमिनीतलं नासपती, आणि त्याचं झालं ‘पेरुना’. आपल्या पेरूची गोष्टच जशीच्या तशी. मावशीने तिथे रोज उकडलेला पेरुना खाल्ला आणि एकदाही तक्रार केली नाही.

परतीला इस्तंबूलमध्ये एक दिवस होता. बेयोलूच्या चढावर जुन्या हॉटेलांवर ‘पेरा’ लिहिलेलं दिसतं. हे त्या वस्तीचं जुनं नाव, ग्रीक भाषेतलं, अर्थ ‘पलीकडे’, म्हणजे खाडीच्या पलीकडची वस्ती. मावशीचं माहेर नगर जिल्ह्यातलं. तिच्या डोक्यात पेरा म्हणजे ज्वारीचा. “या दगडात काय पेरू आपण?” म्हणाली, आणि मग स्वतःच थबकली, कारण तोही एक पेरू निघाला.

कोपऱ्यावरच्या दुकानात पाणी घ्यायला शिरलो. थंड कपाटात पातळ गुलाबी कापांची पाकिटं होती, वर ठळक अक्षरात ‘हिंदी’. मावशीने चष्मा कपाळावरून खाली घेतला, पाकीट हातात न घेता वाकून वाचलं आणि माझ्याकडे बघितलं.

“हाही तोच?”

“तोच. तुर्कीत टर्कीला हिंदी म्हणतात.”

ती फळांच्या पाटीकडे गेली. तिथे ‘आर्मुत’ लिहिलं होतं. अमरूद असणार म्हणून तिने दोन उचलले, नाकाशी धरले, अंगठ्याने देठाजवळ दाबून बघितले. नासपती होती. ठेवून न देता तिने ती दोन्ही पिशवीत टाकली आणि दुकानदाराकडे मीठ मागितलं.