समुद्र दारात असताना पाणी घरी का बनवायचं?

पार्ल्याला आमच्याकडे पहिल्यांदा आलेला माणूस हॉलमधल्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीपुढे उभा राहतो. मश्रूम, लेदर, झोअँथिड असे मऊ प्रवाळ, कपारीत कोळंबी, वर क्लाउनफिशची जोडी. थोड्या वेळाने प्रश्न येतोच, "जुहू इथून रिक्षाने पंधरा मिनिटं. मग खारं पाणी घरी कशाला बनवता? कॅन भरून आणा की!" ज्यांना स्वतः मोठी रीफ टाकी, म्हणजे प्रवाळांची टाकी, करायची असते ते आणखी विचारतात, "पाण्याची नि पाइपांची सोय आधी काय करून ठेवू?" दोन्हींचं उत्तर एकत्रच लिहिते, कारण ते एकाच गोष्टीपाशी येतं: टाकीत जे शिरतं ते टाकीतच राहतं.

जुहूचं पाणी मी एकदा आणून बरणीत ठेवलं होतं. सकाळी तळाशी राखाडी गाळ बसला होता आणि झाकण काढताच वास आला. आपल्या किनाऱ्याला शहराचं सांडपाणी येऊन मिळतं, आणि पावसाळ्यात नद्या-नाल्यांच्या गोड्या पाण्याने खारेपणाही बदलतो. यावर कुणीतरी म्हणतंच, मग हाजी अलीच्या खडकांवर प्रवाळ कसे जगतात? जगतात, हे खरं आहे. किनारी रस्त्याच्या कामात २०२० मध्ये हाजी अली आणि वरळीच्या प्रवाळांच्या १८ वसाहती उचलून दुसरीकडे हलवल्या होत्या. पण ते चिवट आहेत, गाळाला सरावलेले आहेत, आणि त्यांचं पाणी भरती-ओहोटी दिवसातून दोनदा बदलते. माझ्या टाकीला ओहोटी नाही. (तिथला तुकडा कुणी उचलून घरी आणू नये. कठीण प्रवाळ आणि समुद्रपंखे यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वाघाइतकंच संरक्षण आहे.)

आता हिशेब बघा. माझी टाकी १५० सेंटिमीटर लांब, ६० रुंद, ६० उंच, म्हणजे ५४० लिटर. मुंबईच्या उकाड्यात पंखा लावून पाणी २६ अंशांवर ठेवायचं तर रोज सुमारे ८ लिटर पाणी उडून जातं. उडतं ते निव्वळ पाणी, मीठ मागेच राहतं. म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची. आमच्या नळाचा टीडीएस साधारण ६०, म्हणजे लिटरमागे ६० मिलिग्रॅम विरघळलेले क्षार. वर्षाला २,९२० लिटर भर घातली की सुमारे १७५ ग्रॅम क्षार टाकीत साचणार, आणि त्यातले नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट शेवाळाचं खाद्य. तांबं तर त्याहून वाईट: माणसाला काही होणार नाही इतक्या अंशानेही कोळंबी आणि गोगलगायी मरतात. म्हणून आधी पाणी पार रिकामं करायचं, म्हणजे त्यात विरघळलेलं सगळं काढून टाकायचं, आणि मग त्यात आपल्या हाताने समुद्र घालायचा, लिटरमागे सुमारे ३६ ग्रॅम मीठ.

तानसा, भातसा, वैतरणा या तलावांचं पाणी मुळात हलकं आहे, हे मुंबईकर टाकीवाल्याचं भाग्य. पण भांडुपच्या शुद्धीकरण केंद्रातून निघालेलं पाणी आपल्या नळाला येईपर्यंत सोसायटीची खालची टाकी, पंप, गच्चीवरची टाकी असा प्रवास करतं. मे महिन्यात कपात लागली की टँकर येतो, आणि त्या आठवड्यात माझ्या टीडीएस मीटरवर ४०० सुद्धा दिसले आहेत. जुलैत गाळाची फिल्टरकांडी दोन-तीन आठवड्यांत तपकिरी होते. वर्षभर एकच पाणी येतं असं धरून यंत्र घेतलं की फसायला होतं.

"पण आमच्याकडे आरओ आहे ना!" स्वयंपाकघरातला आरओ चालत नाही. त्यातल्या बहुतेकांत पाण्याला चव यावी म्हणून टीडीएस कंट्रोलर थोडं कच्चं पाणी परत मिसळतो, किंवा खनिजांची कांडी असते. प्यायला ते बरोबर, टाकीला नेमकं उलटं. टाकीसाठी क्रम असा: ५ मायक्रॉनची गाळकांडी, मग कार्बन, मग मेम्ब्रेन (आरओचा पडदा), आणि शेवटी डीआय रेझिन, म्हणजे उरलेसुरले क्षार ओढून घेणारे दाणे. कार्बन वेळेवर बदलला नाही तर क्लोरीन मेम्ब्रेन खाऊन टाकतो, आणि टीडीएस मीटरला क्लोरीन कळत नाही. मेम्ब्रेन ६० चे २-३ करते, ते २-३ रेझिन शून्यावर आणतं. टँकरच्या आठवड्यात मेम्ब्रेनमधून १५-२० येतात आणि महिनोन् महिने पुरणारं रेझिन काही आठवड्यांत संपतं. म्हणून मीटर तीन जागी लावा: नळाला, मेम्ब्रेननंतर आणि रेझिननंतर. यंत्र चालू केल्यावर पहिली काही मिनिटं मेम्ब्रेनमधून जास्त टीडीएसचं पाणी येतं, ते रेझिनमध्ये न सोडता बाहेर काढा. रेझिन महाग आहे.

दाब हा दुसरा विसरला जाणारा मुद्दा. मेम्ब्रेनला ६० पीएसआयच्या आसपास दाब लागतो. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, गच्चीची टाकी नऊ मीटर वर, म्हणजे जेमतेम १३ पीएसआय. बूस्टर पंप नसेल तर पाणी थेंब-थेंब येतं आणि सांडपाणी मात्र धो-धो वाहतं. पंप लावूनही एक लिटर शुद्ध पाण्यामागे सुमारे तीन लिटर बाहेर जातं. मला आठवड्याला भरीला ५६ आणि टाकीतलं जुनं पाणी बदलायला ६० लिटर लागतं, म्हणजे साडेतीनशे लिटर टाकाऊ. तलाव तळाला गेलेले असताना हे पाणी नाहणीत सोडून देणं मला जमत नाही. त्याचा टीडीएस ८० च्या आसपास, म्हणजे नळासारखंच. ते ड्राय बाल्कनीतल्या पिंपात साठतं आणि लादी, फ्लश, धुणं यांना जातं. ही पिंपाची जागा घर रंगवायच्या आधी ठरवा. मी नंतर ठरवली, त्यामुळे वॉशिंग मशीन हलवावं लागलं.

आता पाइप. आमचे प्लंबरकाका तीस वर्षं या कामात आहेत, हात सोन्यासारखा. पण पहिल्या दिवशी त्यांनी पिशवीतून सफेदा, सूत आणि पितळी व्हॉल्व्ह काढले. मी म्हटलं, "काका, यातलं काहीच नको." ते रागावले नाहीत, बसून ऐकून घेतलं. खाऱ्या पाण्यात पितळ म्हणजे तांबं, आणि डीआयचं रिकामं पाणी तर धातू आणखीच ओढतं. म्हणून सगळं यूपीव्हीसी, म्हणजे कडक प्लॅस्टिकचं, आट्यांवर टेफ्लॉन टेप, लोखंडी क्लॅम्प नाही, आणि पंपाच्या व प्रत्येक व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंना युनियन, म्हणजे हाताने उघडता येणारा जोड. व्हॉल्व्ह आणि युनियन नागदेवी स्ट्रीटला मिळाले. युनियनवर पैसे वाचवू नका. नाहीतर दोन वर्षांनी पंप काढायचा झाला की पाइप करवतीने कापावा लागतो.

टाकीतून खालच्या सम्पमध्ये (टाकीखालची छोटी टाकी, जिथून पंप पाणी परत वर सोडतो) पाणी उतरायला तीन पाइप ठेवा, तिन्ही दीड इंची. पहिला पूर्ण भरून वाहतो, त्याला गेट व्हॉल्व्ह, आवाज नाही. दुसऱ्यातून नुसती धार जाते. तिसऱ्याचं तोंड वर असतं आणि तो कायम कोरडा. गोगलगाय पहिल्यात अडकली तर पाणी दुसऱ्यात चढतं, तोही पुरेना झाला की तिसऱ्यात, आणि त्याच्या खळखळाटाने झोपलेला माणूसही उठतो.

पाणी खाली उतरण्याचा विचार लोक करतात. पंप बंद पडल्यावर ते उलटं कुठे जाईल, हा करत नाहीत. वर सोडणाऱ्या पाइपचं तोंड पाण्यात बुडालेलं असतं, आणि पंप थांबला की तोच पाइप सायफन होऊन टाकी उपसतो. तोंड २ सेंटिमीटर खोल असेल तर माझ्या टाकीतून १८ लिटर उतरतं, १० सेंटिमीटर असेल तर ९०. त्यासाठी पाण्याच्या पातळीलगत पाइपला एक भोक पाडतात, तिथून हवा शिरली की सायफन तुटतो.

१२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबईभर वीज गेली. मी बाहेर होते. माझ्या पाइपचं तोंड १० सेंटिमीटर खोल होतं, आणि ते एकुलतं भोक गुलाबी शेवाळाने बुजलं होतं. सम्पमध्ये ५० लिटरची जागा मोकळी ठेवली होती, पण टाकीचं आणि पाइपांचं मिळून शंभरेक लिटर उतरलं. खालच्या काकूंचा फोन आला, "अगं, छतातून पाणी गळतंय, आणि खारट आहे!" त्यांनी बोटाने चाखून पाहिलं होतं. त्यांचं छत मी रंगवून दिलं, पण त्यांच्या देव्हाऱ्यावर ते पाणी पडलं याचं मला आजही वाईट वाटतं.

दुसऱ्याच आठवड्यात पाइपचं तोंड वर घेतलं आणि एकाऐवजी दोन भोकं पाडली. पाणी उलटं येऊ न देणाऱ्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर माझा भरवसा नाही, शिंपल्याचा एक कपचा अडकला की तो उघडाच राहतो. टाकीच्या तळाचा चौरस मीटरही भरत नाही आणि त्यावर काच, खडक, पाणी धरून पाऊण टनाच्या वर भार, म्हणून जागा तुळईजवळची निवडून स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवून घ्या, हेही सांगून ठेवते.

सम्पच्या काचेवर मी मार्करने एक रेघ मारली आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी ब्रशने दोन्ही भोकं साफ करते, मुद्दाम पंपाचा प्लग काढते आणि पाणी त्या रेघेच्या खाली थांबेपर्यंत तिथेच बसून राहते.