आप्पांनी माझ्याकडं बघितलं

मंगळवार, रात्रीचे पावणेबारा.

आंबा, खुर्ची, चावी. आंबा, खुर्ची, चावी. डॉक्टरांनी आप्पांना लक्षात ठेवायला दिलेले तीन शब्द, सकाळपासून डोक्यात हेच चाललंय. मला कुणी विचारलं नव्हतं तरी माझे तिन्ही पाठ झालेत आणि आप्पांचा पाच मिनिटांनी एकच राहिला, आंबा.

पण विसरले त्याचं एवढं नाही. ते बघणं डोळ्यापुढनं जात नाही.

सुरुवात किती चांगली झालेली. डॉक्टरांनी डोळे मिटून दोन्ही हात समोर धरायला लावले, तळवे वर, एकही हात खाली आला नाही की वळला नाही. मग नाकाला बोट, डॉक्टरांच्या बोटाला बोट, परत नाकाला. हातोडीनं गुडघे बघितले, नादकाटा वाजवून पायाच्या अंगठ्याला लावला, थरथर कळली. तळपायावर चावीचं टोक ओढलं तर अंगठा खाली वळला, तसाच वळायला पाहिजे, मोठ्या माणसाचा वर गेला तर मेंदूत नाहीतर मणक्यात कुठंतरी गडबड असते म्हणे. बाबिन्स्कीनं 1896 साली सांगितलेली खूण, अजून चावीवर भागतंय. टाचेला बोटं लावत सरळ रेषेत चाललेसुद्धा. मी मनात म्हटलं, सुटलो.

मग डॉक्टरांनी खुर्ची जवळ घेतली. "आज वार कुठला आप्पा?"

आणि आप्पांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं.

मी ओठांनीच 'मंगळ' म्हटलं. कधी म्हटलं मलाच कळलं नाही. डॉक्टरांनी बघितलं आणि काहीतरी लिहून घेतलं. नंतर म्हणाले, असं सोबतच्या माणसाकडं वळून बघणं हीपण एक खूण असते, आम्ही ती मुद्दाम बघतो. म्हणजे मी उत्तर सांगितलं ते वाया गेलंच, वर ते बघणंच कागदावर गेलं.

100 मधून सात वजा करत जावा म्हटल्यावर मात्र 93, 86, 79, 72, 65, आणि 65 ला डॉक्टर "बास" म्हणतायत तरी आप्पा पुढं चाललेत, 58, 51, पार खाली, "उरले दोन." मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर तीस वर्षं दिवाणजी होते. त्या माणसाला मंगळवार सापडेना. घड्याळ काढलं, गोल झकास, आकडे जागच्या जागी, आणि 11 वाजून 10 मिनिटं दाखवा म्हटल्यावर एक काटा 11 वर, दुसरा 10 वर.

घड्याळ सोडलं तर 1975 पासून चालत आलेली 30 मार्कांची परीक्षा आहे ही. डॉक्टरांनी नीट समजावलं, मार्क कमी म्हणजे लगेच स्मृतिभ्रंश नव्हे, शाळा किती झाली, ऐकू किती येतं, लक्ष लागतंय का, मन खचलंय का, सगळं धरायचं. म्हणून बी 12, थायरॉइड आणि स्कॅन. मी मान हलवत होतो. आई गेल्यापासनं आप्पा... जाऊ दे. दादाला फोन करायचा होता, नाही केला. दरवेळी मीच का, रजा माझीच का, आणि त्या खुर्चीत एकटा मीच का बसलेलो, असंही येऊन गेलं मनात.

लहानपणी पाढे म्हणायला बसवायचे. पावकी, निमकी सगळं. अडलो की मी त्यांच्या तोंडाकडं बघायचो, आणि ते तोंड खिडकीकडं फिरवायचे. "माझ्या तोंडावर लिहिलंय काय? म्हण." मला तेव्हा राग यायचा. आता वाटतं, त्यांनापण ओठ आवरत नसणार, म्हणून तर फिरवायचे.

डॉक्टर म्हणाले, पुढच्या वेळी तुम्ही त्यांच्या मागं बसा, दिसणार नाही असं. बसेन. तिथं बसेन. घरी नाही.

येताना रंकाळ्यावर थांबलो, भाजलेलं कणीस घेतलं, पन्नासची नोट आप्पांनी दिली आणि सुटे मोजून घेतले, बरोबर. जेवताना विचारलं, "आज वार कुठला रे?" मंगळवार, आप्पा. भाकरी संपायच्या आत परत विचारलं, परत माझ्याकडं तसंच बघत, आणि मी परत सांगितलं, या वेळी मोठ्यानं. छातीत दुखलं नाही तेवढं.

सकाळी रक्त द्यायला न्यायचंय. साडेसहाला उठवतो.