कच्छच्या छोट्या रणात जाताय? ॲपवरचा एक्यूआय बघून फसू नका

"रणात हवा एकदम शुद्ध" असं फोनवर सांगणाऱ्या बुकिंगवाल्याला मार्चच्या दुपारी मिठाच्या ट्रकमागे उघड्या जीपमध्ये बसवायला पाहिजे. मावशीला दमा आहे म्हणून मुद्दाम विचारलं होतं हो. ॲपवर एक्यूआय, म्हणजे हवा किती खराब ते सांगणारा आकडा, पण हिरवा.

बडोद्याहून एक्सप्रेसवेने अमदावाद, मग साणंद-विरमगाम करत दसाडा, रस्ता चांगला, लिहिण्यासारखं काही नाही. खरी बोंब रणाच्या काठापासून मिठागरांपर्यंतच्या पट्ट्यात. इथे राजस्थानसारखी वाळू नसते. रूपेण, बनास, सरस्वती पावसाळ्यात गाळ आणून टाकतात, पाणी आटलं की वर खारट पापुद्रा धरतो आणि तो शाबूत आहे तोवर धूळ फार उडत नाही. पण मीठ उचलायला ट्रक सुरू झाले की टायरखाली त्याचा मैदा होतो आणि दुपारचा वारा तो उचलतो. पुढची जीप दिसेना, दातात कचकच, ओठ चाटले तर खारट. मावशीने पदर नाकाला लावला, ड्रायव्हर म्हणतो "काई नै थाय, मासी", आणि थोड्या वेळात तिला पंप काढावा लागला. मीठ पिकवणारे अगरिया लोक मात्र पोराबाळांसकट महिनोन् महिने तिथेच राहतात, तेही मास्कबिस्क काही न लावता, कसे राहतात देव जाणे.

आता तो एक्यूआय. आपल्याकडे धुळीचा एक्यूआय 24 तासांच्या सरासरीवर काढतात, तोही हवा मोजायचं मशीन असेल तिथला, म्हणजे तुम्ही भर रणात उभे आणि ॲप दाखवतंय कुठल्यातरी लांबच्या शहराचा आकडा नाहीतर नुसता अंदाज. पीएम10 ची, म्हणजे 10 मायक्रॉनपर्यंतच्या बारीक धुळीची, आपली मर्यादा घनमीटरला 100 मायक्रोग्रॅम, डब्ल्यूएचओची 45, दोन्ही 24 तासांच्या. दिवसभराची सरासरी त्यात बसेलही, पण जीपमागच्या त्या अर्ध्या तासात जे छातीत जातं ते जातंच.

ओढणी, रुमाल, पदर सगळं फुकट, जाड धूळ थोडी अडते, बारीक आत जाते. एन95 घ्या, तो 0.3 मायक्रॉनचे कणसुद्धा किमान 95 टक्के अडवतो, पण नाकावरची पट्टी नीट दाबली तर, दाढीवाल्यांना बाजूने हवा येतेच. घरूनच न्या. आमच्या मुक्कामी एकपदरी कापडी मास्क "स्पेशल डस्ट मास्क" म्हणून 100 रुपयांना विकत होते, सरळ लूट.

सनसेट सफारी दीडपट भावाने गळ्यात मारतात, ती घेऊच नका. संध्याकाळी सगळ्या जीप एकाच वाटेने सुटतात आणि आम्ही शेवटून दुसरे, म्हणजे सगळ्यांची धूळ आमच्या वाट्याला, वर पैसेही आम्हीच जास्त दिलेले! जास्त पैसे द्यायचेच तर ताफ्यात पहिली गाडी मिळत असेल तर द्या, आणि हे आधी फोनवर कबूल करून घ्या. पहाटेची फेरी बेस्ट, वारा पडलेला असतो. घुडखर (रानगाढवं), फ्लेमिंगो दिसले, फोटो सगळ्यांकडे असतात.

दमेकऱ्यांना डिसेंबर-जानेवारीत न्या, मार्च-एप्रिलमध्ये अजिबात नाही. कॉन्टॅक्ट लेन्स घरी ठेवा, चष्मा लावा. कॅमेऱ्याची लेन्स जीपमध्ये बदलायची नाही म्हणजे नाही. स्वतःची गाडी काठापर्यंत नेणार असाल तर काचा बंद, एसी आतल्या हवेवर, आणि परत आल्यावर दोन्ही फिल्टर काढून बघा, एसीचा लोक हमखास विसरतात.