हिशेब ‘दिला’ की ‘मांडला’?

एजी ऑफिसात, म्हणजे महालेखापालांच्या कार्यालयात, तीस-बत्तीस वर्षं नोटिंग-ड्राफ्टिंग केलं, म्हणून रिटायर झाल्या झाल्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या गणपती मंडळाने इतिवृत्ताचं रजिस्टर माझ्या हातात दिलं. मला वाटलं, यात काय आहे! पहिल्याच सभेत कळलं काय आहे ते.

खजिनदार काकांनी खर्च वाचला. मी लिहिलं, ‘खजिनदारांनी हिशेब दिला.’ शेजारच्या वहिनींची नजर रजिस्टरावरच होती. म्हणाल्या, “दिला नाही भाऊजी, मांडला लिहा. दिला म्हणजे आम्ही घेतला असं होतं.” मंडपवाल्याच्या बिलावर तारीख नव्हती, एवढीच त्यांची तक्रार. काका भडकले. “मांडला? मी काय इथे दुकान मांडलंय?” एका क्रियापदावर पाऊण तास गेला. दोनदा चहा झाला. बाड्यावरच्या बाजारातून आणलेली कचोरी गार झाली आणि तरी संपली. शेवटी मी लिहिलं, ‘खजिनदारांनी हिशेब वाचून दाखवला’, आणि पानाच्या तळाला बारीक अक्षरात, ‘मंडपाच्या बिलाबाबत दोन सदस्यांचे मत वेगळे आहे.’ वाचून तर दाखवलाच होता, त्याला कोण नाही म्हणणार? दोघांनीही सही केली.

तेव्हापासून परराष्ट्रमंत्र्यांची बैठक झाली की मी टीव्हीवरची चर्चा बघत नाही, निवेदन काढून वाचतो. घरचे हसतात. हसू देत. कोण कोणाशी हात मिळवताना हसला नाही यावर चॅनलवाले तासभर घालवतात. खरी मारामारी कागदावर होते.

माझा आवडता कागद मार्च 2023 चा. दिल्लीत जी-20 च्या परराष्ट्रमंत्र्यांची बैठक होती, अध्यक्षपद आपल्याकडे, जयशंकर यजमान. युक्रेनच्या युद्धाला वर्ष उलटलेलं. रशियाचे लावरोव आणि अमेरिकेचे ब्लिंकन एका छताखाली आले, बाजूला उभ्या उभ्या दहाएक मिनिटं बोललेही. युद्ध सुरू झाल्यापासून समोरासमोर पहिल्यांदाच. पण संयुक्त निवेदन काही निघालं नाही. निघाला तो ‘अध्यक्षांचा सारांश आणि निष्पत्ती-दस्तऐवज’. नाव वाचूनच मी खुर्चीत सरसावून बसलो. हे तर आपलं ‘वाचून दाखवला’!

खाली तळटीप होती. युक्रेन युद्धाबद्दलचे परिच्छेद 3 आणि 4 रशिया आणि चीन वगळता सर्व सदस्यांना मान्य आहेत, एवढीच. गंमत अशी की ते परिच्छेद नवे नव्हतेच. नोव्हेंबर 2022 मध्ये बालीच्या शिखर परिषदेत सगळ्यांनी, म्हणजे या दोघांनीसुद्धा, मान्य केलेल्या जाहीरनाम्यातून ते उचलले होते. साडेतीन महिन्यांत तीच वाक्यं गळ्याखाली उतरेनाशी झाली. आणि बालीतही कसरत होतीच: ‘बहुतेक’ सदस्यांनी युद्धाचा तीव्र निषेध केला, आणि इतर मतेही होती. त्या ‘बहुतेक’ शब्दाला माझा दंडवत. कोणाचं नाव नाही, कोणाची गणती नाही, आणि खोटं म्हणायलाही जागा नाही.

मग सप्टेंबरमध्ये दिल्लीचा जाहीरनामा आला. 83 परिच्छेद, एकही तळटीप नाही. भारताच्या वतीने वाटाघाटी करणारे प्रतिनिधी, म्हणजे ‘शेर्पा’, अमिताभ कांत यांनी सांगितलं, दोनशेच्या वर तास वाटाघाटी, तीनशे द्विपक्षीय बैठका, पंधरा मसुदे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी बालीचा कागद शेजारी ठेवून ओळी जुळवत बसलो. रशियाच्या आक्रमणाचा खेद करणारी ओळ गायब. युक्रेनने नाराजी लगेच बोलूनही दाखवली. एकमत झालं ते असं. मी याला लबाडी म्हणणार नाही, पण तळटीप जाते तेव्हा तिच्याबरोबर आणखी काय गेलं ते बघायची मला खोड आहे. जुनी ऑडिटची सवय.

आपल्या ग्वाल्हेरकरांना तरी याचं नवल वाटू नये. सालबाई इथून काही फार लांब नाही. 17 मे 1782 ला तिथे मराठे आणि इंग्रज यांच्यात तह झाला: महादजी शिंदे मध्यस्थ, इंग्रजांकडून अँडरसन. वसई पेशव्यांना परत, साष्टी इंग्रजांकडेच, राघोबादादांना पेन्शन. कलकत्त्याहून गव्हर्नर-जनरल हेस्टिंग्जची मंजुरी महिन्याभरात आली. पुण्यात मात्र नाना फडणीस गप्प. इंग्रजांविरुद्ध म्हैसूरच्या हैदर अलीशी केलेला करार अजून जिवंत होता, आणि तहात तर हैदरने जिंकलेला मुलूख सोडावा असं कलम. नानांनी नाही म्हटलं नाही आणि हो पण म्हटलं नाही, कागद नुसता ठेवून दिला. डिसेंबरात हैदर वारला. फेब्रुवारी 1783 मध्ये नानांनी तह मंजूर केला. नऊ महिने! शाळेत आम्हाला तहाची एकच तारीख पाठ करायला लावली होती, मे महिन्यातली.

परवा वहिनींना हे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “ते जुनं रजिस्टर काढा बघू.” काढलं. त्या सभेच्या पानावर तळटीप आहे, त्याखाली वहिनींची सही, तारखेसकट. शेजारी काकांची सही, चांगली मोठी, लपेटेदार. तारीख नाही.