'अटलांटिसचा सम्राट' बसवायचा असेल तर

संगीतकार व्हिक्टर उलमनचा 'अटलांटिसचा सम्राट' हा ऑपेरा करायला घेतला की पहिला मोह होतो तो वाद्यमेळ वाढवण्याचा. दोन व्हायोलिनांची सहा करा, चेलो दुप्पट घ्या, हार्मोनियमच्या जागी इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड आणा, म्हणजे कसं भरगच्च वाटेल! हा विचार मुळातच चुकीचा आहे. या ऑपेराचं राजकारण शब्दांत जेवढं आहे तेवढंच वाद्यांच्या निवडीत आहे. एखादं वाद्य बदललं की त्यातला एखादा टोमणा कायमचा पुसला जातो.

पार्श्वभूमी थोडक्यात. उलमनचा जन्म 1898 चा. संगीतकार शोनबर्गचा विद्यार्थी, पुढे प्रागच्या जर्मन नाट्यगृहात संगीतकार-संचालक झेमलिन्स्कीच्या हाताखाली तयार झालेला. 1933 साली हिटलर सत्तेवर आला तेव्हा तो श्टुटगार्टमध्ये होता. तिथून तो प्रागला पळाला. प्रागही नाझींच्या ताब्यात गेलं आणि सप्टेंबर 1942 मध्ये त्याची रवानगी तेरेझिनच्या छळछावणीत झाली. हे तेरेझिन म्हणजे ऑस्ट्रियाच्या हाब्सबर्ग राजघराण्याने बांधलेला किल्ला, सम्राज्ञी मारिया तेरेसाच्या नावाचा. तिथेच 1943-44 मध्ये पेटर कीन या पंचविशीतल्या चित्रकार-कवीच्या संहितेवर हा एकअंकी ऑपेरा तयार झाला. 1944 मध्ये तालमीही झाल्या, प्रयोग मात्र झाला नाही. त्या शरद ऋतूत महिनाभरात 18,000 हून जास्त माणसं तेरेझिनहून आउशवित्झला पाठवली गेली. उलमन आणि कीन दोघेही 16 ऑक्टोबरच्या गाडीत होते आणि दोघेही परतले नाहीत. हस्तलिखित मात्र वाचलं. छावणीतून वाचलेल्या लेखक एच. जी. आडलरने ते लंडनला नेलं आणि पहिला प्रयोग झाला तो थेट डिसेंबर 1975 मध्ये, अॅम्स्टरडॅमला.

कथा एवढीच: सम्राट ओव्हरऑल सगळ्यांविरुद्ध सगळ्यांचं युद्ध पुकारतो. मृत्यू हेही इथे एक पात्र आहे, त्याला न विचारताच सम्राट त्यात जुंपतो. मृत्यू अपमानाने तलवार मोडतो आणि काम बंद करतो. कोणी मरेनासंच होतं. मग सम्राटाचा धाक कशाच्या जोरावर चालायचा? साधारण 50 ते 60 मिनिटांचा खेळ, चार प्रवेश, सात गायक.

आता वाद्यं. बासरी, ओबो, क्लॅरिनेट, अल्टो सॅक्सोफोन, ट्रम्पेट, तालवाद्यं, बँजो, हार्मोनियम, हार्पसिकॉर्ड, पियानो आणि तंतुवाद्यांचं फक्त पंचक. तेरा-चौदा वादकांत सगळं भागतं. यातला सॅक्सोफोन शोभेसाठी नाही. 1938 साली ड्युसेलडॉर्फला नाझींनी 'विकृत संगीता'चं प्रदर्शन भरवलं, त्याच्या पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर सॅक्सोफोन वाजवणारा कृष्णवर्णीय माणूस होता आणि त्याच्या कोटावर डेव्हिडचा तारा. त्यांच्या दृष्टीने सगळं निषिद्ध एका चित्रात आलं होतं. सहा वर्षांनी उलमन तेच वाद्य वापरतो आणि शेजारी बँजो बसवतो. हार्मोनियममधून प्रार्थनाघर ऐकू येतं, हार्पसिकॉर्डमधून जुना दरबार, बँजोमधून कॅबरे. या तिघांना एका खोलीत भांडायला लावणं हीच इथली रचना आहे.

त्यात सगळ्यात जास्त त्रास देतो हार्मोनियम. इथे पायाने भाता मारायचा युरोपीय हार्मोनियम लागतो. त्याच्या पट्ट्यांचा सूर ठरलेला असतो, आयत्या वेळी बदलता येत नाही. जुन्या वाद्यांचा 'ए' हा स्वर कधीकधी 440 हर्ट्झला नसतो, 435 च्या आसपास असतो. म्हणून ते ठरवण्याआधी ट्यूनर घेऊन प्रत्येक सप्तकातला 'ए' तपासावा. सूर फारच वेगळा असेल तर दुसरं वाद्य शोधावं, कारण ओबो आणि क्लॅरिनेटला तेवढं खाली सरकता येत नाही. सूर जुळवण्याचा क्रमही त्यावरूनच ठरतो: हार्मोनियमला धरून हार्पसिकॉर्ड, मग बाकीचे. हार्पसिकॉर्ड दिव्यांच्या उष्णतेने उतरतं, त्यामुळे दिवे लावून अर्धा तास झाल्यावरच त्याचा सूर अखेरचा जुळवून घ्यावा. भात्याचा ठकठकाट ऐकू येत असेल तर खाली जाड सतरंजी घाला. इलेक्ट्रॉनिक पर्याय मी कधीच सुचवणार नाही. भात्याचा दाब कमी-जास्त होतो तेव्हा सुराला जो श्वास येतो, तो त्यात नसतो.

बँजोवाल्यालाच गिटारही वाजवायची असते. दोन्ही वाद्यं हाताशी स्टँडवर हवीत आणि बदलायला किती मात्रा मिळतात हे पहिल्याच तालमीत मोजून घ्यावं.

लाउडस्पीकर हे पात्र दिसत नाही, फक्त ऐकू येतं. सुरुवातीला तोच पात्रांची ओळख करून देतो. त्याची 'हॅलो, हॅलो' ही हाक चेक संगीतकार योसेफ सुकच्या 'आझ्राएल' सिंफनीतल्या मृत्यूच्या सुरावटीवर बेतलेली आहे. सा ते तीव्र म हे अंतर, दोनदा. सुकने ती सिंफनी आपले सासरे, संगीतकार ड्वोर्झाक आणि स्वतःची पत्नी यांच्या निधनानंतर लिहिली. प्रागच्या श्रोत्याला ही सुरावट म्हणजे सुतक, हे सांगावं लागत नव्हतं. म्हणून ही हाक घोषणेसारखी उडवून लावू नये. प्रत्येक वेळी ती स्वराला चोख आणि त्याच वजनाने यावी.

गायक विंगेत, मायक्रोफोनवर. स्पीकर मात्र रंगमंचावरच, सभागृहाच्या मोठ्या यंत्रणेत नको. वायरचा मायक्रोफोन वापरा. डिजिटल ध्वनियंत्रांची साखळी लांबली तर काही मिलिसेकंदांचा उशीर साठत जातो आणि सम्राटाबरोबरच्या झटपट संवादात गायक मागे पडतोय असं वाटतं, दोष त्याचा नसतानाही. टेलिफोनचा आवाज हवा म्हणून 300 ते 3,400 हर्ट्झच्या बाहेरचं सगळं कापलं तर जर्मनमधले स आणि श जातात. खालचं कापा, वरचं 5,000 पर्यंत राहू द्या. संचालकाचं चित्र गायकाला छोट्या पडद्यावर दिसलंच पाहिजे.

या ऑपेराचा कणा ढोलवाली या पात्राच्या गाण्यात आहे. ही मेझो-सोप्रानो (मधल्या पट्टीची गायिका) सम्राटाच्या पदव्यांची लांबलचक यादी गाते, अगदी हाब्सबर्ग थाटात. खाली चाल कोणती? संगीतकार हायडनने 1797 मध्ये हाब्सबर्ग सम्राटासाठी केलेली, जी पुढे जर्मनीचं राष्ट्रगीत झाली. फक्त उलमनने स्वर उतरवलेत. रे आणि ग कोमल झाल्यावर ती अभिमानाची चाल काळवंडते, पण लय तीच असल्याने ओळखू येते. एकाच सुरावटीत जुना सम्राट आणि नवा फ्यूरर (हिटलर) दोघेही सापडतात.

इथे प्रयोग हमखास घसरतात. गाणं शोकगीतासारखं संथ घेतलं की चाल ओळखूच येत नाही. ढोल जोरात वाजला तर पहिले चार स्वर बुडतात आणि सगळा डाव त्या चार स्वरांवरच आहे. गायिकेने तोंड वेडावून गाऊ नये. ती पूर्ण श्रद्धेने गायली तरच विडंबन बोचतं. तालमीत आधी सगळ्यांनी मूळ चाल एकदा वाजवावी, मग उलमनची, म्हणजे आपल्या ओळीत ती कुठे दडलीय हे प्रत्येक वादकाला कळतं. उपशीर्षकांत पदव्यांची पूर्ण यादी देऊ नका. डोळे वाचत बसले की कान बंद होतात.

तिसऱ्या प्रवेशात शत्रू पक्षांचे सैनिक आणि मुलगी मरता येत नाही म्हणून एकमेकांच्या प्रेमात पडतात. तो प्रवेश आपोआप उभा राहतो, फार ताणू नये.

खरा निर्णय शेवटी आहे. मृत्यू आरशातून येतो आणि अट घालतो: आधी सम्राटाने मरायचं. सम्राटाच्या निरोपाचं गाणं दोन रूपांत उपलब्ध आहे. एकात तो स्पष्ट विचारतो की संपलं ते फक्त हे युद्ध, शेवटचं कशावरून? दुसरं शांत, समजूतदार आहे. माझं मत पहिल्याच्या बाजूने आहे. दुसऱ्याने हुकूमशहा फार सहज संत होतो आणि आधीच्या पाऊण तासाची धार बोथट होते. निर्णय पहिल्या वाचनाआधीच घ्या, कारण सम्राटाचं काम करणाऱ्या बॅरिटोन गायकाला दोन्ही तयार ठेवायला लावणं अन्यायाचं आहे.

समारोपाचं समूहगान धर्मसुधारक मार्टिन लूथरच्या 'आमुचा देव बळकट गड' या स्तोत्राच्या चालीवर आहे, स्वरसंगती मात्र कमालीची अस्थिर. चार आवाज, प्रत्येक ओळ एका श्वासात. छावणीच्या स्मरणार्थ म्हणून गायक ते हमखास लांबवतात. मग श्वास ओळीच्या मध्यात तुटतो आणि आतले दोन आवाज उतरतात. प्रार्थनाघरात लोक उभे राहून गातात तोच वेग धरावा. आणि 'मृत्यूचं थोर नाव वृथा घेऊ नये' या शेवटच्या ओळीचं उपशीर्षक ती ओळ सुरू होईपर्यंत पडद्यावर आणू नये.