तुम्ही विचारलंत म्हणून: अवयवाच्या जनुकांचा काय संबंध?

"अवयव नाकारतं ते घेणाऱ्याचं शरीर. मग बसवलेल्या अवयवाच्या जनुकांचा त्यात काय संबंध?" प्रत्यारोपणाच्या प्रयोगांवर बोलायला उभी राहिले की हा प्रश्न येतोच. तो रास्त आहे. या क्षेत्रातही बराच काळ सगळं लक्ष प्रतिकारयंत्रणेवरच होतं: तिला दडपायचं कसं, चकवायचं कसं. बसवलेला अवयव म्हणजे नुसता मार खाणारा, असंच गृहीत धरलेलं होतं. मला ते पटत नाही, आणि त्याचं कारण एका प्रयोगात आहे.

उंदराचं हृदय दुसऱ्या प्राण्यात बसवतात ते छातीत नव्हे, पोटात. त्या प्राण्याचं स्वतःचं हृदय जागच्या जागी असतं आणि रक्ताभिसरण तेच सांभाळतं. पोटातल्या हृदयाला मोठ्या रक्तवाहिन्या जोडल्या की ते धडधडू लागतं. पोटावर बोट ठेवलं की ठोके कळतात. ठोके थांबले, की अवयव नाकारला गेला असं धरायचं.

१९९८ मध्ये मिगेल सोआरेस, फ्रिट्झ बाख या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान उंदराचं हृदय रॅटमध्ये, म्हणजे मोठ्या जातीच्या उंदरात, बसवलं. जाती वेगळ्या, त्यामुळे औषधांशिवाय ते काही दिवसांतच बंद पडतं. नागाच्या विषातला एक घटक देऊन रक्तातली पूरक प्रथिनं (प्रतिपिंडांच्या हल्ल्याला साथ देणारी) संपवली आणि जोडीला सायक्लोस्पोरिन हे प्रतिकार दडपणारं औषध दिलं, की मात्र हृदय दीर्घकाळ टिकतं. पुढे पूरक प्रथिनं परत येतात, हृदयाविरुद्धची प्रतिपिंडंही रक्तात असतात, तरी ते धडधडत राहतं! मग त्यांनी हीम ऑक्सिजनेज-१ या विकराचं (एन्झाइमचं) जनुक नसलेल्या उंदरांची हृदयं घेतली. तीच शस्त्रक्रिया, तीच औषधं, तसेच रॅट. ही हृदयं ३ ते ७ दिवसांत बंद पडली. घेणाऱ्याच्या बाजूनं काहीच बदललं नव्हतं.

हा विकर तुमच्या ओळखीचा आहे. मुका मार लागल्यावर काळानिळा डाग काही दिवसांनी हिरवट होतो, ते याचंच काम. रक्तातल्या हीम या लोहयुक्त लाल घटकाचं तो विघटन करतो आणि त्यातून हिरवं बिलिव्हर्डिन, लोह आणि थोडा कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. विषारी म्हणून माहीत असलेला हाच वायू अगदी कमी मात्रेत पेशींना मरण्यापासून वाचवतो. २००१ मध्ये याच गटानं विकराचं काम औषधानं रोखलं, तेव्हा हृदयं नाकारली गेली. पण प्राण्यांना मोजक्या मात्रेत कार्बन मोनॉक्साइड दिल्यावर ती पुन्हा टिकू लागली. (घरी कुणी याचा अर्थ काढू नये. प्रयोगशाळेबाहेर हा वायू जीव घेतो.)

जनुक तर प्रत्येक पेशीत असतं, प्रश्न ते चालू आहे की नाही याचा. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरावर हल्ला झाला, की त्या पेशी दोन्ही प्रकारची जनुकं चालू करतात: काही दाह वाढवणारी, रक्त गोठवणारी, तर ए-२० सारखी काही तोच दाह आवरणारी. कुठली वरचढ ठरतात, यावर त्या वाहिनीचं भवितव्य बरंचसं अवलंबून असतं. म्हणून अवयव काढण्याआधीच संरक्षक जनुकं जागी करून ठेवण्याची कल्पना मला फार मोलाची वाटते. १९९९ मध्ये लठ्ठ रॅटच्या चरबीयुक्त यकृतांवर हे करून पाहिलं गेलं. दात्याला आधीच औषध देऊन हीम ऑक्सिजनेज-१ वाढवलं, तेव्हा थंडाव्यात साठवलेलं यकृत बसवलेल्या प्राण्यांचं जगण्याचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर गेलं.

डुकराच्या मूत्रपिंडाचं तर तुम्ही ऐकलंच असेल. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या माकडांवरच्या प्रयोगात काही मूत्रपिंडांतून फक्त घेणाऱ्याच्या प्रतिकारयंत्रणेला डिवचणाऱ्या शर्करा बनवणारी जनुकं काढली होती. त्यांच्या टिकण्याचा मध्यक (निम्मी त्याआधी बंद पडली, निम्मी त्यानंतर) २४ दिवस होता. ज्यांत त्याशिवाय सात मानवी जनुकं घातली होती, त्यांचा मध्यक १७६ दिवस, आणि एक तर ७५८ दिवस चाललं. त्या सातांत ए-२० आहे आणि हीम ऑक्सिजनेज-१ सुद्धा. सातांपैकी कुणाचा वाटा किती, हे मात्र या आकड्यांवरून सांगता येत नाही, आणि या माकडांनाही प्रतिकार दडपणारी औषधं द्यावीच लागली होती.