काकांचे 140 टक्के

फोर्टात हायकोर्टाच्या जवळच्या एका गल्लीत एका वकिलांचं ऑफिस आहे, तिथल्या कॉम्प्युटरची एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचं कंत्राट, माझ्याकडे. पावसाळ्यातला सोमवार, सकाळचे साडेनऊ, मी दादरला गाडीत चढणार एवढ्यात तिथल्या टायपिस्ट काकांचा फोन. "अरे बाळा, हेडर उडालं रे सगळं. पेज नंबर पण गेले. साहेबांना बाराच्या आत प्रिंट पाहिजे, लवकर ये."

सीएसएमटीला उतरून फाउंटनपर्यंत चालत गेलो, छत्री होती पण गुडघ्यापर्यंत पँट ओली ती ओलीच. पोचलो तर काका स्क्रीनला नाक लावून बसलेले. बघतो तर पानं एकमेकांना चिकटलेली, मध्ये नुसती एक बारीक रेघ, वरचा-खालचा मार्जिन गायब, आणि हेडर त्या मार्जिनमध्येच असतं त्यामुळे तेही गायब. म्हटलं काका, काही उडालेलं नाहीये. वर्डमध्ये दोन पानांच्या मधल्या फटीवर माउस नेला की कर्सरचे दोन बाण होतात, तेव्हा चुकून डबल क्लिक झालं की ती मोकळी जागा मिटते. काकांना सगळीकडेच डबल क्लिक करायची सवय, लिंकवर सुद्धा. त्या रेघेवर परत डबल क्लिक केलं, हेडर हजर. खरं तर मी फोनवरच 'प्रिंट प्रिव्ह्यू बघा' म्हटलं असतं तरी भागलं असतं, कारण छापताना ते येतंच. पण ते सुचलं तिथे पोचल्यावर.

आणि मग ते वाक्य आलं जे एएमसीवाल्या प्रत्येकाने ऐकलेलं असतं. "आता आलाच आहेस तर..."

काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, त्यांना अक्षर मोठं लागतं, 140 टक्के म्हणजे बरोबर. पण रोज सकाळी कुठलीही फाइल उघडली की मुंगीएवढी अक्षरं. काका मोठं करतात, प्रिंट काढतात, बंद करतात, दुसऱ्या दिवशी परत मुंग्या. माझ्या आधीच्या माणसाने यावर उपाय म्हणून मशीन फॉरमॅट केलेलं. झूमसाठी फॉरमॅट! आणि त्याने काय होणार, दुसऱ्या दिवशी परत तेच.

कारण दोष मशीनमध्ये नव्हताच. झूम फाइलबरोबर फिरतो. काकांना पटेना म्हणून एका फाइलची कॉपी घेतली, नावापुढचं डॉक्स काढून झिप केलं, आत सेटिंग्जची फाइल असते ती नोटपॅडमध्ये उघडली आणि बोट ठेवून दाखवलं, झूम, पर्सेंट, 70. हा 70 आला कुठून? ज्युनियर वकिलांकडे मोठे मॉनिटर, ते दोन पानं शेजारी शेजारी बघतात आणि तसंच सेव्ह करून पाठवतात. आणि काका नुसता झूम बदलून बंद करायचे, वर्डच्या हिशेबी तो बदलच नाही, त्यामुळे सेव्ह करू का असंही विचारत नाही. एक स्पेस द्या, पुसा, मग सेव्ह करा, तर राहतो. काका म्हणाले, "दिवसाला चाळीस फायली, प्रत्येकीला स्पेस देत बसू काय?"

बरोबरच होतं त्यांचं. मग नॉर्मल टेम्प्लेटमध्ये, म्हणजे वर्डच्या मूळ साच्यात, ऑटोओपन नावाचा छोटा मॅक्रो टाकला, म्हणजे फाइल उघडली की आपोआप चालणाऱ्या सूचना, दोन ओळींच्या, व्ह्यू प्रिंट लेआउट आणि झूम 140. नाव तंतोतंत तेच लागतं, मी स्पेलिंगमध्ये एक अक्षर खाल्लं आणि दहा मिनिटं काहीच होईना, काका चहा मागवून माझ्याकडे संशयाने बघत बसलेले. मेलमधून आलेल्या फायली पुस्तकासारख्या उघडतात, वरची बटणांची पट्टी नाही, टाइप करता येत नाही, तेही होतंच. तो रीड मोड, एस्केप दाबलं की जातो, पण ऑप्शन्सच्या जनरलमध्ये अटॅचमेंट रीडिंग व्ह्यूमध्ये उघडण्याची एक टिक असते तीच काढून टाकली. काकांनी पाच-सहा फायली उघडून बघितल्या, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "हां. आता दिसतंय." बाराला दहा कमी असताना प्रिंट साहेबांच्या टेबलावर.

मंगळवारी सकाळी परत फोन. या वेळी ज्युनियर मॅडम. "सर, कालपासून काकांकडून येणाऱ्या सगळ्या फायली एवढ्या मोठ्या का उघडतायत? अर्धंच पान दिसतं."

अर्थात. काका टाइप करून सेव्ह करणार, म्हणजे 140 फाइलमध्ये बसणार, आणि ती फाइल मॅडमकडे जाणार. हे मला सोमवारीच सुचायला हवं होतं. परत फोर्ट, परत पाऊस, उरलेल्या चार मशीनवर तोच मॅक्रो, फक्त प्रत्येकाला विचारून आकडा वेगळा. एकाने 85 सांगितला, का ते विचारलं नाही. निघताना काका दारापर्यंत आले, "बाळा, मोबाइलवरची अक्षरं पण मोठी होतात का रे?"